पाकिटातले पैलवान

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो नायगाऱ्याचा. दुसरा, तिकडे जेवणाखाणाचे हाल झाले का हा. मी नायगारा पाहिला नाही आणि जेवणाचे हाल मुलीने होऊ दिले नाहीत, त्यामुळे या दोन्ही बाबतींत माझ्याकडून ऐकण्यासारखे काही नाही. न्यू जर्सीला मुलीकडे तीन महिने राहिलो. त्यातले निम्मे दिवस दीड इंच रुंद आणि पावणेतीन इंच उंच अशा पुठ्ठ्याच्या तुकड्यांमागे हिंडण्यात गेले. हे ऐकले की आमच्या पेठेतले स्नेही कपाळाला हात लावतात. "एवढे तिकीट काढून गेलास, आणि सिगारेटच्या पाकिटातली चित्रे बघून आलास?" होय, तीच बघून आलो, आणि त्यांचीच हकीगत आता सांगणार आहे.

आमच्या लहानपणी कोल्हापुरात पोरांची संपत्ती म्हणजे सिगारेटची रिकामी पाकिटे. रस्त्यावर गोल आखायचा, मध्ये पाकिटे रचायची आणि चपट्या दगडाने ती गोलाबाहेर उडवायची. चारमिनारला किंमत कमी, कैची छापाला त्याहून जास्त, आणि कुणाकडे कॅपस्टन असले की तो पोरगा त्या दिवसापुरता संस्थानिक. पण पाकिटांत चित्रे निघण्याचा जमाना आम्हांला लाभला नाही. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली तेव्हा, १९४० साली, विलायतेत तो प्रकार बंद पडला, आणि आम्ही जन्मलो त्यानंतर पंधरा वर्षांनी.

पहिले चित्र मला मिळाले ते बेळगावच्या कॅम्पात, एका जुन्या सामानाच्या दुकानात. गंजलेल्या डब्यात बटणे, बिल्ले, मोडकी घड्याळे आणि त्यांच्या तळाशी एक मुष्टियोद्धा! विल्स कंपनीचे 'सीझर्स', म्हणजे आपली कैची, हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींत फार खपे. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत तिच्या पाकिटांतून नट्या, फुटबॉलवाले, मुष्टियोद्धे निघत. १९१२ साली तर हिंदी पलटणींचीच पन्नास चित्रांची मालिका निघाली होती. बेळगावच्या त्या मुष्टियोद्ध्याचे नाव मी कधी ऐकलेले नव्हते. तरी त्याला आठ आण्याला घेऊन घरी आलो. तेव्हापासून हा छंद जडला आहे.

मी जन्मभर छापखान्यात नोकरी केली, हे त्याचे एक कारण असावे. रंग पाहिला की तो कितव्या हाताला बसला हे आधी पाहायचे, मग चित्र कसले ते, अशी डोळ्यांना खोड लागलेली. पण दुसरे कारण घरातले आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना थोरले आबा म्हणत असू, हे कोल्हापूरच्या तालमीत तयार झालेले पैलवान. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधले ते १९१२ साली पुरे झाले. त्या मैदानाच्या पहिल्या वर्षांत ते तिथे लढले. घरात त्यांचा एक फेटा आहे आणि चांदीचे पाणी दिलेला एक कडा आहे. फोटो मात्र नाही. तालमीत एक सगळ्या गड्यांचा फोटो होता म्हणतात. तो वाळवीने खाल्ला. वडील सांगत, आबांची मान खांद्याएवढी रुंद होती. मान कळली, चेहरा कळला नाही. ज्याने फोटो पाहिला होता असा शेवटचा माणूसही आता गेला.

तेव्हापासून असे झाले आहे की, कुठल्याही देशाच्या, कुठल्याही काळच्या विस्मरणात गेलेल्या पैलवानाचे चित्र दिसले की मी थांबतो.

आता या चित्रांची कूळकथा. सिगारेटचे पाकीट पूर्वी नुसत्या पातळ कागदाचे असे. ते खिशात दबू नये म्हणून आत एक पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. तुकडा घालायचाच आहे तर कोरा का घाला, असा विचार कुणा व्यापारी डोक्यात आला आणि १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेत त्यावर चित्रे छापू लागले. व्हर्जिनिया राज्यात रिचमंड गावी ॲलन आणि गिंटर नावाची पेढी होती. तिने १८८७ साली 'जगातले अजिंक्यवीर' अशा अर्थाच्या नावाने पन्नास चित्रांचा संच काढला. खेळांच्या चित्रांत हा मोठा मानाचा संच. त्यात बेसबॉलचे दहा खेळाडू, होडी वल्हवणारे दहा, मुष्टियोद्धे दहा, पैलवान सात, बिलियर्ड आणि पूल खेळणारे नऊ, आणि बंदूकबाज चार. या चारांत बफेलो बिल आहे, आणि ॲनी ओकली ही नेमबाज बाईही आहे. पन्नासांत ती एकटी बाई! प्रत्येक चित्राच्या पाठीवर पन्नासही जणांची नावे. म्हणजे एक मिळाला की उरलेले एकोणपन्नास कोण ते कळावे आणि गिऱ्हाइकाने पुढचे पाकीट घ्यावे. कुपने साठवून पाठवली की सगळ्या वीरांचा छापील अल्बमही मिळे. पुढच्या साली याच पेढीने दुसरे पन्नास काढले. न्यूयॉर्कच्या गुडविनने आणि रॉचेस्टरच्या किंबॉलनेही आपापले संच काढले.

या पन्नासांतले दहा बेसबॉलवाले आज अमेरिकेत दैवते आहेत. त्यांचे एकेक चित्र हजारो डॉलरांना जाते. उरलेल्या चाळिसांतले मोजके सोडले तर बाकीच्यांना आज त्यांच्या स्वतःच्या गावातही कोण ओळखत असेल, शंका आहे. एकाच दगडावर, एकाच शाईने, शेजारीशेजारी छापलेली ही माणसे! दुर्मिळ या शब्दाचा अर्थ मला तिथे नीट समजला. कागद थोडा उरला म्हणूनच वस्तू दुर्मिळ होते असे नाही; आठवण ठेवणारा थोडा उरला तरी होते. मात्र त्या दुसऱ्या दुर्मिळपणाला बाजारात भाव नाही, आणि म्हणूनच माझ्यासारख्या पेन्शनराला हा छंद परवडतो.

त्या सात पैलवानांत एक नाव आहे मत्सादा सोराकिची. हा जपानी. १८८३ साली अमेरिकेत आला, १८८४ पासून न्यूयॉर्कच्या आखाड्यांत उतरला. अमेरिकेत धंदा म्हणून कुस्ती करणारा पहिला जपानी तोच धरतात. विल्यम मल्डून हा तेव्हाचा तिथला हिंदकेसरी म्हणा. त्याच्याशीही हा लढला. वर्तमानपत्रे त्याला नावाने क्वचितच हाक मारीत, 'जॅप' म्हणूनच लिहीत. १८८६ साली शिकागोत एव्हान लुईस नावाच्या पैलवानाने, ज्याला लोक 'गळेदाब्या' म्हणत, त्याचा पाय असा पिळला की कुस्ती मिनिटभरात संपली आणि सोराकिची कित्येक दिवस जायबंदी झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी त्याचे चित्र रिचमंडच्या पाकिटांत आले. १८९१ साली तो न्यूयॉर्कमध्येच गरिबीत मेला. चाळिशीही गाठली नव्हती. परक्या मुलखात, परक्या नियमांनी, पोटासाठी लढलेला हा आशियातला गडी मला पाहायचा होता.

न्यू जर्सीत एका हॉटेलच्या मोठ्या दालनात दर काही आठवड्यांनी चित्रांचा बाजार भरतो. जावईबापूंनी मोटारीने नेऊन सोडले. शेदोनशे टेबले, त्यांवर काचेच्या पेट्या, आणि पेट्यांभोवती बाप-लेकांची झुंबड. सगळीकडे बेसबॉल! जुने चित्र आता कुणी उघडे ठेवत नाही. तपासनीस कंपनीकडे पाठवायचे, तिने एकपासून दहापर्यंत गुण द्यायचे आणि जाड प्लॅस्टिकच्या पेटीत ते कायमचे बंद करायचे. मग लोक चित्र पाहत नाहीत, गुण पाहतात. दहावीच्या निकालाच्या दिवशीचा आपल्याकडचा देखावा आठवा! होनस वॅग्नर या बेसबॉलवाल्याचे १९०९ च्या मालिकेतले चित्र २०२२ साली साडेबाहत्तर लाख डॉलरांना गेले, हे तिथे मला निदान चौघांनी सांगितले. प्रत्येकाने ते आपणच विकल्याच्या थाटात सांगितले.

मी एकेका टेबलापाशी जाऊन "१८८७ चे पैलवान आहेत का?" असे विचारीत गेलो. बहुतेकांनी मान हलवली. एका जाड भिंगाच्या म्हाताऱ्याने मात्र मला बसायला खुर्ची दिली.

"पैलवान कशाला हवेत तुम्हाला?" त्याने विचारले.

"आमच्या घराण्यात एक होते," मी म्हणालो.

त्याने पुढे काही विचारले नाही. टेबलाखालून एक प्लॅस्टिकची पेटी काढली. आत सोराकिची! गुण सहा. किंमत चारशे डॉलर. मी आकडा ऐकून पेटी हळूच खाली ठेवली. म्हातारा म्हणाला, "फाटकातुटका चालेल? घरी खोक्यात असावा. पुढच्या बाजाराला या."

त्याच बाजारात काही टेबलांवर नवी छापलेली जुनी चित्रेही होती, आणि त्यांतली सगळीच तशी सांगून विकली जात नव्हती. ओळखायचे कसे, हे सांगून ठेवतो. आपल्याकडे रविवर्म्याच्या जुन्या तसबिरी घेणाऱ्यालाही ते उपयोगी पडेल. जुनी रंगीत छपाई दगडावरची, दर रंगाला वेगळा दगड, आणि त्यावर कारागिराने हाताने टिपलेले ठिपके. भिंगातून पाहिले तर ते ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, मोहरी सांडल्यासारखे दिसतात. आजच्या छपाईत चार रंगांच्या जाळीतून पडलेले ठिपके कवायतीतल्या शिपायांसारखे ओळीने, फुलाफुलांत उभे असतात. कागद चहात बुडवून पिवळा करता येतो, कोपरे घासून जुने करता येतात, पण ठिपके बदलता येत नाहीत.

पुढच्या बाजाराला महिना होता. तेवढ्यात सोराकिची पाहता येईल अशी एक जागा होती: न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन म्युझियम. पाचव्या अव्हेन्यूवरच्या त्या राजवाड्यात लोक इजिप्तची देवळे आणि डच चित्रकार पाहायला जातात. तिथेच, चित्रे व मुद्रिते यांच्या विभागात, जेफरसन बर्डिक नावाच्या माणसाने दिलेली तीन लाखांहून अधिक छापील चित्रे आहेत.

या बर्डिकसाहेबांना मी मनोमन नमस्कार केला आहे. सिरॅक्यूज गावी विजेचे सामान करणाऱ्या कारखान्यात जोडणी करणारा हा कामगार. लग्न केले नाही. सांधेदुखीने बोटे वाकडी होत चाललेली. मिळणाऱ्या पगारातून त्याने सिगारेटची चित्रे, जाहिरातींची कार्डे, पोस्टकार्डे, असला सगळा 'कचरा' जमवला. नुसता जमवला नाही, तर त्याची मोजदाद करून, प्रत्येक मालिकेला अक्षर आणि क्रमांक देऊन सूची छापली. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या चित्रांना 'एन', विसाव्यातल्यांना 'टी'. माझा १८८७ चा संच म्हणजे 'एन २८'. आजही कोट्यवधींचा हा बाजार त्या कामगाराच्या क्रमांकांवर चालतो. १९४७ पासून त्याने संग्रह म्युझियमला द्यायला सुरुवात केली. पुढे स्वतः न्यूयॉर्कला येऊन, एका टेबलाशी बसून, चित्रे अल्बमांत चिकटवू लागला. जानेवारी १९६३ मध्ये काम पुरे झाले आणि मार्चमध्ये तो वारला.

चित्रे चिकटवली म्हणून आजचे संग्राहक हळहळतात. पाठी खराब झाल्या, गुण गेले! मला त्यात हळहळण्यासारखे काही दिसत नाही. विकायचे नव्हतेच, तर गुण कशाला हवेत?

आधी वेळ ठरवून घेतली तर अभ्यासिकेत बसून हे पाहता येते. पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी लागते. हात धुऊन, पिशवी बाहेर ठेवून, देवळात शिरावे तसे आत शिरायचे. समोर पान आले. रांगेने लावलेले पैलवान: जो ॲक्टन, थिओ बॉवर, मल्डून, मॅक्लॉक्लिन, मॅकमहॉन, यंग बिबी आणि सोराकिची. कमरेपर्यंतचे चित्र, मागे कोरी जागा, खाली नाव. एकशेतीस वर्षांहून जुनी शाई, आणि अंगाचा रंग अजून ताजा. खांदे, दंड, आणि ती मान. ठिपके टिपणाऱ्या कारागिराने मानेच्या शिरेपाशी सावली अशी टिपली आहे की गडी नुकताच जोर मारून उठला असावा असे वाटते. मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. देखरेखीच्या बाईंनी दोनदा घड्याळाकडे पाहिले.

वर येताना अमेरिकन चित्रकारांच्या दालनात टॉमस एकिन्सचे १८७१ चे गाजलेले चित्र पाहिले. फिलाडेल्फियाच्या नदीत एकटा होडी वल्हवणारा मॅक्स श्मिट. थोर चित्र, वादच नाही. त्यापुढे लोक हात मागे बांधून उभे होते. खालच्या अल्बमात हॅनलन, बीच, ट्रिकेट असे जगाला हरवलेले दहा वल्हेकरी होते, त्यांच्याकडे त्या दिवशी मी एकटाच आलो होतो. चित्रकार भेटला त्याचे नशीब वेगळे आणि पाकीट भेटले त्याचे वेगळे.

यानंतर रिचमंड पाहिल्याशिवाय परत जायचे नाही असे ठरवले. "बाबा, तिथे आपलं कोण आहे?" जावईबापूंनी विचारले. मी सांगितले, "पन्नास जण आहेत." त्यांनी तिकीट काढून दिले.

नूअर्कहून रिचमंडला आगगाडीने सहासात तास लागतात. वाटेत फिलाडेल्फिया येते आणि गाडी स्कूलकिल नदी ओलांडते. हीच ती एकिन्सची नदी. पुलावरून मला बाणासारख्या दोन होड्या दिसल्या. एके काळी या खेळावर अमेरिका, विलायत आणि ऑस्ट्रेलिया वेडी झाली होती. टोरांटोचा नेड हॅनलन १८८० साली थेम्स नदीवर ऑस्ट्रेलियाच्या ट्रिकेटला हरवून जगज्जेता झाला, तेव्हा दोन्ही काठांवर माणसांची भिंत उभी होती. पैजांचा पैसा वल्ह्यांपेक्षा जोरात वाहत असे. पुढे त्या पैशानेच धंदेवाईक खेळाचा घात केला. लोकांचा विश्वास उडाला, आणि सभ्य हौशी मंडळींचा खेळ तेवढा मागे राहिला. हॅनलनला १८८४ साली बीचने सिडनीजवळ हरवले. ॲलन-गिंटरच्या संचात जेता आणि जित दोघेही आहेत, सारख्याच मापात.

रिचमंडचे मेन स्ट्रीट स्टेशन १९०१ चे. लाल कौले आणि घड्याळाचा मनोरा. तिथून थोडे चालले की जेम्स नदीच्या बाजूला 'टोबॅको रो' लागते. पाचसहा मजली विटांच्या वखारी, एकीला लागून एक. त्यांतल्या बऱ्याच आमच्या पन्नास वीरांच्या नंतरच्या. एका धुराड्यावर 'लकी स्ट्राइक' ही अक्षरे अजून आहेत. धूर मात्र नाही. आत आता राहण्याचे गाळे झाले आहेत. खिडक्यांतून तुळशीच्या जातीची रोपे आणि सायकली दिसतात. तंबाखूचा वास येतो का म्हणून मी भिंतीशी नाक नेले. शेजारून जाणाऱ्या तरुणीने कुत्रे जवळ ओढून घेतले.

इथे काम कसे चाले हे समजून घ्यायला मला पुस्तकाची गरज पडली नाही. सोलापूर-सिन्नरच्या विड्या वळणाऱ्या बायका ज्याने पाहिल्या आहेत त्याला ते कळते. ॲलन-गिंटरकडे शेकडो मुली ओळीने बसून हाताने सिगारेटी वळीत. गोऱ्या मुली वळायला आणि पानाच्या शिरा काढण्याचे धुळीचे काम काळ्या माणसांना, अशी तिथली वाटणी. चांगल्या हाताची मुलगी मिनिटाला चार वळी. पेढीने सिगारेट वळणाऱ्या यंत्रासाठी ७५,००० डॉलरांचे बक्षीस लावले, आणि त्याच राज्यातल्या बोन्सॅक नावाच्या विशीतल्या पोराने यंत्र केले. १८८१ साली त्याचे पेटंट. ते मिनिटाला दोनशे वळू लागले. गंमत अशी की बक्षीस लावणाऱ्या पेढीनेच यंत्र पारखून नाकारले, आणि डरहॅमच्या ड्यूकने ते उचलले. माल उदंड झाला, तो खपवायला चित्रे आली, चित्रांच्या चढाओढीत सगळ्यांचा पैसा जाऊ लागला. शेवटी १८९० साली ड्यूकने ॲलन-गिंटर, गुडविन, किंबॉल, किनी आणि आपली अशा पाच पेढ्यांची एकच मोठी कंपनी केली. चढाओढ संपली तशी चित्रांची गरजही संपली. पुन्हा ती जोराने आली १९०९ च्या सुमारास, पण तोवर वल्हेकरी आणि पैलवान मागे पडून बेसबॉल पुढे गेला होता. आमचे वीर अशा रीतीने तीनचार वर्षांच्या फटीत सापडले. ड्यूक दहा वर्षे आधी जिंकता तर सोराकिचीचे चित्र निघतेच ना!

पेढीतले लुइस गिंटर गावात मोठे दाते म्हणून ओळखले जातात. त्यांनी बांधलेले जेफरसन हॉटेल १८९५ साली उघडले ते अजून दिमाखात उभे आहे. आत शिरताच जेफरसनचा संगमरवरी पुतळा. एके काळी इथल्या हौदात जिवंत मगरी सोडलेल्या असत, अगदी १९४८ पर्यंत! आता कांस्याच्या ओतकामाच्या मगरी आहेत. मी एक कॉफी घेतली. बिल पाहून मगरी जिवंत असाव्यात असे वाटले. दुपारी 'हॉलीवुड' नावाच्या कबरस्तानात गेलो. सिनेमाशी त्याचा संबंध नाही, हॉली नावाच्या झाडांवरून ते नाव पडले. नदीच्या वर उंच टेकाडावर दोन अमेरिकन अध्यक्ष, असंख्य शिपाई आणि गिंटरसाहेब झोपले आहेत. साहेबांची समाधी देवळासारखी, तिला टिफनीच्या रंगीत काचा. खाली खडकांवरून जेम्स नदीचे पाणी पांढरे होऊन धावत होते. साहेबांविषयी माझ्या मनात राग नाही. धंद्यासाठी का होईना, त्यांच्या पेढीने पैलवानांचे चेहरे दगडावर उतरवून घेतले. कोल्हापुरात आमच्या थोरल्या आबांना बक्षीस देणारे पुष्कळ होते. चेहरा उतरवून ठेवावा हे सुचलेला कुणी नव्हता, त्या वेळी ते स्वस्त नव्हते हेही खरे.

पुढच्या बाजाराला मी दालन उघडण्याआधीच दाराशी उभा होतो. म्हाताऱ्याने ओळख ठेवली होती. चपलांच्या जुन्या खोक्यातून त्याने एक चित्र काढून माझ्या तळहातावर ठेवले. प्लॅस्टिक नाही, गुण नाही. दोन कोपरे गोल झालेले, डाव्या कडेला घडी. पाठीवर काळ्या जाड कागदाचा पापुद्रा चिकटलेला. कुणा पोराने एकशेतीस वर्षांपूर्वी खळीने वहीत चिकटवले असणार, आणि पुढे कुणीतरी ओढून काढले. पापुद्र्याच्या फटीतून पाठीवरची तीनचार नावे तेवढी वाचता येत होती. मी भिंग काढले. मोहरी सांडली होती!

"ऐंशी डॉलर," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "साठ. तीन वर्षं हा खोक्यात पडून आहे. विचारणारे तुम्ही पहिले."

मी साठ डॉलर मोजून दिले. पहिल्यांदाच घासाघीस न करता काही विकत घेतले म्हणून मुलीने घरी माझा ताप पाहिला.

कोल्हापूरला आल्यावर एके सकाळी चित्र पाकिटात घालून तालमीत नेले. वस्ताद हौद्याच्या कडेला बसून पोरांचे जोर मोजत होते. त्यांना हकीगत सांगितली. त्यांनी हात पंचाला पुसले, चित्र कडेला धरून उजेडाकडे केले आणि बराच वेळ बोलले नाहीत.

"अण्णा, ह्यो कुठला म्हणालासा?"

"जपानचा. अमेरिकेत लढायचा."

"मान बघा की. आन् कान? कानाचं काय दिसंना ह्यात नीट." त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेले. "पाय कुणी मोडला म्हणालासा त्येचा?"

मी लुईसचे नाव सांगितले. तोही पुढच्या कुठल्या संचात असेल का, हे अजून शोधायचे आहे.

"कुठल्या डावावर?"

ते मला सांगता आले नाही. वस्तादांनी लगेच दोन पोरांना हौद्यात उतरवले, एकाला खाली बसवला, आणि पाय कुठून धरला तर मिनिटात गडी जायबंदी होईल याचे तीन प्रकार करून पाहिले, अर्थात जपून. तिसऱ्याला त्यांनी मान हलवली. "ह्योच आसंल," ते म्हणाले, आणि चित्र पोरांत फिरवायला दिले. मी "मातीचे हात लावू नका रे" म्हणेपर्यंत ते चौथ्या पोराकडे पोहोचले होते.